आन्सेल्मोंच्या कोटाची कॉलर

पोर्तोच्या त्या जुन्या कॅफेत मुख्य वेटर आन्सेल्मो यांच्या पांढऱ्या कोटाला जी इस्त्री करेल, तीच इस्त्रीखोलीची मालकीण. कागदावर तसं कुठंच नव्हतं, पण अठ्ठावीस वर्षं तो कोट दिओलिंदाच्याच हाताखालून गेला होता. बाकी वेटरांचे अकरा कोट मदतनीस बाईकडे. कॅफेची अब्रू वेटरच्या कॉलरीत असते, असं मालक म्हणायचे आणि दिओलिंदा ते आपलंच कौतुक समजायची.

मग नवी मदतनीस म्हणून ग्रासा आली. चाळिशीची, अबोल. पहिल्याच महिन्यात तिनं आन्सेल्मोंची फाटलेली बाही अशी रफू केली, की टाका शोधून सापडेना. आन्सेल्मो खूश.

"दिओलिंदाताई, माझा कोट आता ग्रासाकडंच राहू द्या. तुमचेही हात दुखतात."

हात दुखतात म्हणे! पोटात दुखत होतं ते कुणाला दिसलं? ग्रासा तो कोट हँगरला लावायची आणि इकडे दिओलिंदाचा नुसता जळफळाट व्हायचा. मेली खांदेसुद्धा नीट बसवायची.

सां जुआंवच्या सणाच्या सकाळी ग्रासा ॲप्रन वाळत घालायला गच्चीवर गेली. दिओलिंदानं आन्सेल्मोंच्या तयार कोटाच्या कॉलरला आतून घट्ट खळ चोपडली आणि वरून इस्त्री फिरवली. कॉलरीचा पत्रा झाला.

दुपारी आन्सेल्मो मान चोळत आले. मान लालभडक सोलवटली होती.

"ही कॉलर आहे की करवत? गिऱ्हाइकापुढं वाकतासुद्धा येईना!"

"नवख्या हातात दिलं की असंच व्हायचं," दिओलिंदा गोड आवाजात म्हणाली. आता कोट आपल्याकडं परत येणार, याची तिला खात्री होती.

ग्रासानं कॉलर आतून चाचपली. एकदा दिओलिंदाकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"माझंच चुकलं, साहेब. खळ जास्त झाली."

आन्सेल्मोंचा राग विरघळला. "बघा ताई, याला म्हणतात माणूस! या खोलीत स्वतःची चूक कबूल करणारं मी आज पहिल्यांदा बघतोय. कोट तुझ्याकडंच राहील, ग्रासा."

एवढं कौतुक! तेही न केलेल्या गोष्टीबद्दल! दिओलिंदाच्या अंगाची लाही लाही झाली.

"खोटारडी आहे ती!" ती किंचाळली. "तिची कसली चूक? खळ मी लावली, मी!"

आन्सेल्मो तिच्याकडं बघतच राहिले. आपण काय बोललो, ते दिओलिंदाला तेव्हा कुठं कळलं.