भोंगा चालू होता तोवर

घोडेगावच्या घाटावर माझ्या बायकोचा, झुंबरचा, दशक्रिया विधी होता. पिंड ठेवून झाला होता आणि मी कावळ्याची वाट बघत होतो. झुंबर रोज सकाळी कांदे साठवायच्या बराखीच्या छपरावर कावळ्यांना भाकरी टाकायची. त्याच बराखीत तिला साप चावला. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नाही तरी कावळे तिचं ऐकतील असं मला वाटत होतं.

कावळे आले होते, पण समोरच्या बाभळीवर बसून होते. खाली श्रद्धांजलीची भाषणं चालली होती आणि भोंगा बाभळीलाच बांधला होता.

तालुक्याला आपत्तीचं काम बघणारे साहेब म्हणाले, "आपत्ती म्हणजे यंत्रणा कमी पडेल एवढं नुकसान. एक माणूस जाणं ही दुर्घटना. घरच्यांनी धीर धरावा."

मग टोमॅटोचे व्यापारी सयाजीशेठ उठले. "आपत्ती आमाला इचारा. औंदा माल रस्त्यावर ओतला, राव."

मी मेव्हण्याला म्हणालो, "कुशाबा, भोंगा बंद कर. कावळं बिचकत्यात."

"दाजी, भगवंतराव खास खोडदवरनं आल्यात. त्यांना न्हाई कसं म्हणायचं?"

भगवंतराव तिथल्या दुर्बिणीवर कामाला आहेत. मोठा तारा स्वतःच्याच वजनानं आत कोसळतो, त्याला आमच्यात आपत्ती म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. त्याच्या राखेतून पुढे नवे तारे होतात. लोकांना ते आवडलं. मागं कुणीतरी टाळी वाजवली.

मी पिंडापुढं हात जोडले. आपल्या लेकीचं, समृद्धीचं, शिक्षण थांबवणार नाही, म्हणालो. तुझी गाय विकणार नाही, म्हणालो. बाभळीवरचा एकही कावळा हलला नाही.

गुरुजींना डिंभ्याला दुसरा दशक्रिया होता. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि पिंड नदीत सोडायला लावला. मी सोडला.

जेवणं उरकली. मंडपवाल्यानं भोंगा उतरवला. तसे सगळे कावळे खाली आले आणि उष्ट्या पत्रावळीतली बुंदी खाऊ लागले.

"आलं बघा, दाजी," कुशाबा म्हणाला. "ताईचा जीव कशात अडकला नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी कावळे बराखीवर येऊन ओळीनं बसले आणि भाकरीसाठी ओरडू लागले. मी बाहेर येऊन दगड गोळा करू लागलो.