झिंग्याच्या गळ्यातलं लोढणं

साहेब, पाण्यात उड्या घेणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात मला तुम्ही बांधलंत. हात दुसऱ्याचे होते, दोरी दुसऱ्याची होती, पण हुकूम तुमचा होता. आज मी तुमच्या टेबलावर चिखलासकट पडलो आहे. नाकाला रुमाल लावू नका. ऐका.

मित्रांनो, तुम्हीही ऐका. मी एक जुना ओंडका आहे, ऐनाच्या लाकडाचा. दिघोरीकडच्या एका गावात यादोरावनं मला तासलं, टोकाला भोक पाडलं आणि आपल्या उनाड गोऱ्ह्याच्या गळ्यात अडकवलं. असा ओंडका गळ्यात असला की जनावराला धावता येत नाही. धावलंच, तर तो गुडघ्यांवर आपटतो. त्यालाच लोढणं म्हणतात. माझं काम मारायचं, हे मी लपवत नाही. त्या गोऱ्ह्याचे गुडघे मी सोलून काढले. पण लोकांच्या बांधीतला, म्हणजे भातशेतातला, धान वाचला. लोक म्हणायचे, "यादोरावभाऊ, तुमच्या लोढण्यानं गोऱ्हा लायनीवर आला."

तेव्हा गावात एक रीत होती. बोडी म्हणजे आमचं तळं. बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आलं की आधी लोढणं काढायचं, मगच जनावर पाण्यात सोडायचं. शेंबडं पोरगंसुद्धा ही रीत विसरत नसे. गोऱ्हा डुंबायचा आणि मी पाळीवर ऊन खात पडायचो.

गोऱ्हा म्हातारा होऊन मेला. मी गोठ्याच्या दाराचं टेकण झालो. कोंबड्या माझ्यावर हगल्या, एका अंगानं वाळवीनं खाल्लं. माझी तक्रार नव्हती.

मग साहेब, तालुक्याच्या कचेरीतून तुमची गाडी गावात आली. एक कुत्रं तिच्यामागं भुंकत धावलं. बस्स, एवढंच. ते चावलं नाही, कुणाला ओरखडाही आला नाही. तुम्ही मात्र काच वर केलीत आणि फर्मान काढलंत: गावातल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात लोढणं, तेही नायलॉनच्या दोरीनं. ज्याचं कुत्रं मोकळं दिसेल, त्याचं उचलून नेणार.

यादोरावच्या सुनेचं, रुखमिणीचं, एक कुत्रं होतं. पाणी दिसलं की झिंग्यासारखी, म्हणजे कोळंबीसारखी, उडी मारायचं, म्हणून नाव झिंग्या. ती रोज सकाळी म्हशी घेऊन पाळीवरून जायची, झिंग्या पुढं. फर्मानाच्या भीतीनं तिनं मला दाराखालून ओढलं आणि त्याच्या गळ्यात बांधलं.

दुसऱ्या सकाळी पाळीवर पोचल्याबरोबर तिचे हात माझ्या गाठीकडं गेले. समोरून तुमचा माणूस चंद्रकुमार मोबाइल घेऊन आला; लोढणं बांधलेल्या प्रत्येक कुत्र्याचा फोटो तुम्हाला पाठवायचं काम त्याच्याकडं होतं.

"काय करून राहिली वो वहिनी?"

"लोढणं काढून राहिली. पाणी हाये ना समोर."

"काढू नको. मोकळं दिसलं का उचलाची गाडी येते."

"अरे चंदूभाऊ, बैलाचंही काढत होतो आपण!"

"बैल का साहेबाच्या गाडीमांगं धावला होता?" तो फिदीफिदी हसला.

रुखमिणीनं हात मागं घेतला. तेवढ्यात पाणकोंबडी फडफडली आणि झिंग्यानं उडी घेतली.

मी त्याच्या छातीवर आदळत गेलो. काठाजवळच पाण्याखाली बेशरमची झुडपं होती. मी दोन खोडांमध्ये शिरलो आणि अडकलो. झिंग्यानं झेप घेतली, दोरीनं त्याला मागं हिसकलं. डोकं बुडालं, वर आलं, परत बुडालं. तो जितका ओढी, तितका फास आवळे. पुढचा पाय माझ्यात आणि खोडात सापडला आणि कडकन मोडला. उरलेल्या पायांनी त्यानं मला ओरबाडलं. साहेब, बघा, त्याची तुटलेली नखं अजून माझ्यात रुतून आहेत.

रुखमिणी विळा घेऊन साडीसकट आत शिरली. तिनं त्याची मान वर धरली. भयानं आंधळ्या झालेल्या त्या कुत्र्यानं, रोज तिच्या हातचा भात खाणाऱ्या कुत्र्यानं, तिच्या मनगटात दात रोवले आणि मांस फाडलं. ती किंचाळली, पण मान सोडली नाही. दुसऱ्या हातानं विळा चालवत राहिली. सुताची दोरी एका घावात तुटली असती. तुमचं नायलॉन तुटेना. विळा घसरला आणि झिंग्याचा कान चिरला. पाणी लाल झालं.

"चंद्या, फोटो काढून राहिला का रे मुडद्या? ये ना आत!"

चंद्रकुमारनं मोबाइल चिखलात फेकला आणि उडी घेतली. त्यानं दोरी ताणून धरली, तेव्हा कुठं ती कापली गेली.

आरडाओरडा ऐकून यादोराव काठी टेकत आला. त्यानं मागचे पाय धरून झिंग्याला उलटं केलं. तोंडातून पाणी आणि रक्त पडलं.

"मामाजी," रुखमिणी सासऱ्याला म्हणाली, "जिता हाये का पाहा ना!"

म्हाताऱ्यानं बरगडीला कान लावला. मग म्हणाला, "हाये. पाय गेला, पण हाये."

तेव्हाच चिखलातला मोबाइल वाजला. चंद्रकुमारनं उचलला, तर तुम्हीच होता साहेब. "यादोरावच्या कुत्र्याचा फोटो अजून कसा आला नाही?"

रुखमिणीनं रक्ताळलेला हात चंद्रकुमारच्या तोंडासमोर धरला. "काढ फोटो. जवळून काढ." त्यानं मोबाइल खिशात घातला. मग तिनंच मला पाण्यातून उपसलं, पोत्यात घातलं आणि इथं आणून आपटलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुत्रं असेल. पाण्याशी नेलंत तर आधी गळ्यातलं सगळं काढा, पट्टा असो, साखळी असो की माझ्यासारखा ओंडका. काठाला झुडपं, गाळ, जाळी असेल तिथं त्याला उतरू देऊ नका. तुम्ही लहान आहात, तरी तुम्हाला हे एकदा सांगून कळेल.

साहेब, प्रश्न तुमचा आहे. पाय सांधला की झिंग्या पुन्हा पाण्यात जाणार, त्याचा जन्मच तसा. तुमचा हुकूम अजून भिंतीवर चिकटलेला आहे. रुखमिणी समोर उभी आहे, मनगटाला फडकं बांधून. तुम्ही तिला बसा म्हणाला नाहीत, नका म्हणू. एवढंच सांगा: उद्या पाळीवर पोचल्यावर तिनं माझी गाठ सोडायची की नाही?

खाली काय बघता? बोला.