चाळीस मिनिटांनंतर

"मागचं चाक माझं ऐकत नाही," गाड्यांची चाचणी घेणारे उस्ताद हेल्मेट काढत म्हणाले. "पुढचं ऐकतं. मागचं आपल्या मनानं चालतं."

टेस्ट ट्रॅकच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये चौघे जण पडद्याकडे बघत होते. पडद्यावर गाडीची हालचाल दाखवणाऱ्या रेषा आखल्यासारख्या सरळ होत्या. प्रकल्पप्रमुख मॅडमनी त्या रेषांकडे पाहिलं, मग फ्रेमसाहेबांकडे.

फ्रेमसाहेब सत्तावीस वर्षं मोटरसायकलींच्या फ्रेमची ड्रॉइंग करत होते. ते स्वतः मोटरसायकल चालवत नसत. बसने यायचे, बसने जायचे. याच्यावर कॅन्टीनमध्ये विनोद व्हायचे आणि ते स्वतःही त्यात हसायचे.

"नेमकं कधी होतं?" त्यांनी विचारलं.

"लांब वळणावर. एकशे साठच्या पुढे. पण लगेच नाही, बराच वेळ चालवल्यावर. कुणीतरी मागून सीट धरून हळूच हलवतंय असं वाटतं."

अडचण अशी होती, की मोजणीचं यंत्र वीस मिनिटांनी बंद व्हायचं. उस्ताद त्यानंतरही फेऱ्या मारत राहायचे, कारण गाडीची ओळख वीस मिनिटांत होत नाही असं त्यांचं मत होतं.

गाडी होतीही तशीच. लांब, बुटकी, रुंद मागच्या टायरची. आरामात रेलून बसावं, पण मूठ पिळली की शर्यतीच्या गाडीसारखी सुटली पाहिजे, असं कंपनीला हवं होतं. दोन सिलिंडरचं मोठं इंजिन धडधडायचं फार. ती धडधड चालवणाऱ्याच्या हातापायांत येऊ नये म्हणून फ्रेमसाहेबांनी इंजिन बुशांवर, म्हणजे जाड रबरी कड्यांवर, टांगलं होतं. आणि वजन वाचावं म्हणून मागचं चाक धरणारा स्विंगआर्म फ्रेमला न जोडता थेट इंजिनच्या पाठीला जोडला होता. ही कल्पना त्यांची स्वतःची. तिच्यासाठी सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मॅडमनी सरळ विचारलं, "वीस मिनिटांनंतर या गाडीत काही बदलू शकतं का?"

"नाही," फ्रेमसाहेब म्हणाले. "तोवर इंजिन पूर्ण तापलेलं असतं. पुढे बदलण्यासारखं काही उरत नाही."

ते खोटं बोलले नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं.

मग दुसऱ्या चालकाने नियमाप्रमाणे वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्या मारल्या. त्याला काही जाणवलं नाही. उस्तादांचं वय एक्कावन्न होतं. डॉक्टरांनी त्यांचे डोळे, कान तपासले, सगळं ठीक निघालं. तरी आठवड्याभरात त्यांची बदली स्टोअरमध्ये झाली. कुणी त्यांना काही बोललं नाही. उलट सगळे जरा जास्तच गोड बोलू लागले.

*

सात आठवड्यांनी तीस हजार किलोमीटर पळवलेली एक गाडी वर्कशॉपमध्ये उघडली. फ्रेमसाहेब सवयीप्रमाणे हातात बॅटरी घेऊन वाकून बघत होते. इंजिनच्या मागच्या बाजूला, फ्रेमच्या नळीवर, त्यांना नखाएवढी जागा चमकताना दिसली. तिथला काळा रंग घासून गेला होता.

"इथे काय लागलं?" त्यांनी मेकॅनिकला विचारलं.

"इंजिनच लागलं असेल. दुसरं काय आहे तिथे?"

फ्रेमसाहेबांच्या ड्रॉइंगमध्ये तिथे तीन मिलिमीटरची फट होती. म्हणजे इंजिन तीन मिलिमीटर सरकलं होतं. आणि इंजिन सरकलं, तर त्याच्या पाठीला जोडलेलं चाकही सरकणार.

ते नवा बुश घेऊन प्रयोगशाळेत गेले. खोलीच्या तापमानाला तो दाबून पाहिला. आकडा त्यांच्या हिशेबाप्रमाणेच आला. मग त्यांनी तो भट्टीत नव्वद अंशांवर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. दर पाच मिनिटांनी काढायचा, दाबायचा, परत ठेवायचा. इंजिनचा धातू वीस मिनिटांत तापतो हे त्यांनी बरोबर धरलं होतं. पण रबर आतपर्यंत तापायला वेळ घेतं. चाळिसाव्या मिनिटाला बुश साडेतीनपट दबला.

त्यांनी दुसरा बुश घेतला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं.

मॅडमच्या केबिनमध्ये ते दोन्ही बुश रुमालावर ठेवून बसले. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या डोक्यावर गाडी बाजारात आणायची तारीख होती.

"रबरवाल्याच्या नावावर टाकता येईल," त्या म्हणाल्या. "माल हलका आला म्हणायचं. म्हणजे कुणाच्याच अंगाशी येणार नाही."

"माल बरोबर आहे. मी जसा मागवला, तसाच आलाय."

"साहेब, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तुमची."

"हो," फ्रेमसाहेब म्हणाले. "मला लेखी द्यायचंय. उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, हेही त्यात लिहायचंय."

गाडी पाच महिने लांबली. स्विंगआर्म पुन्हा फ्रेमला जोडला, बुश घट्ट केले. गाडीचं वजन दीड किलोने वाढलं, हँडलला थोडी धडधड आली. हे काम फ्रेमसाहेबांच्या हाताखालच्या इंजिनिअरने केलं, कारण त्यांच्याकडे आता साइड स्टँड आणि नंबरप्लेटची पट्टी एवढंच सोपवलं होतं. तो इंजिनिअर संकोचून त्यांच्याकडे ड्रॉइंग दाखवायला यायचा. ते पेन्सिलीने दोन-चार खुणा करून द्यायचे.

शेवटच्या चाचणीसाठी मॅडमनी उस्तादांना बोलावलं. उस्ताद नाही म्हणाले. तेव्हा फ्रेमसाहेब स्वतः स्टोअरमध्ये गेले.

उस्ताद खिडकीमागे बसून वॉशर मोजत होते.

"तुमचंच बरोबर होतं," फ्रेमसाहेब म्हणाले. "चूक माझी होती. फाइलमध्ये लिहिलंय तसं."

"वाचलं मी. बरं वाटलं." उस्तादांनी वॉशरची पुडी बांधली. "पण साहेब, तुम्हाला कळेपर्यंत सात आठवडे गेले. मला भास होतोय अशी मी स्वतःची रोज समजूत घातली. घरीही तेच सांगितलं. आता पटलीय ती समजूत. ती कशी उलटवू?"

फ्रेमसाहेबांनी खिडकीच्या कट्ट्यावरचा एक सुटा वॉशर उचलून पुडीशेजारी ठेवला.

"मागच्या सीटवर वजन म्हणून वाळूच्या पिशव्या बांधतात ना?" ते म्हणाले. "त्यांच्याऐवजी मी बसतो."

उस्तादांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "तुम्ही? तुम्ही तर बसने येता."

"वजन तेवढंच भरतं."

उस्ताद हसले, आणि हसता हसता त्यांनी होकाराची मान हलवली.

चाचणीच्या दिवशी सकाळी फ्रेमसाहेबांच्या बायकोने डबा भरताना विचारलं, "अहो, वजनच हवंय तर कुणीही चालेल की."

"कुणीही नाही चालणार," ते बुटाची नाडी बांधत म्हणाले. तिने मग विषय वाढवला नाही. फक्त त्यांना आतून स्वेटर घालायला लावला.

*

पहिल्या दहा मिनिटांत फ्रेमसाहेबांनी डोळे दोनदा उघडले. सत्तावीस वर्षं त्यांनी कागदावर जी वळणं घेतली होती, ती अशी असतात याची त्यांना कल्पना नव्हती. रस्ता अंगावर येत होता. झुकलेल्या गाडीचं फूटरेस्ट डांबराला घासून खरखरलं, तेव्हा त्यांनी उस्तादांचं जॅकेट दोन्ही मुठींत आवळलं. विसाव्या मिनिटाला त्यांचे गुडघे बधिर झाले. तिसाव्या मिनिटापासून ते डोळे उघडे ठेवून मागच्या चाकाकडे लक्ष देऊ लागले.

चाळीस मिनिटं झाली. पंचेचाळीस झाली. लांब वळण आलं, एकशे साठ, एकशे सत्तर. सीटखाली काही हललं नाही. पुढच्या फेरीतही नाही. गाडी रुळावरून जावी तशी वळणातून बाहेर पडली.

सरळ रस्त्यावर उस्तादांनी वेग कमी केला. मग डावा हात हँडलवरून उचलून बाजूला धरला. पकड ढिली केली की गाडी काय करते, हे ते असंच बघत. गाडी नाकासमोर चालत राहिली. हँडल तसूभरही हललं नाही.

हात मात्र थरथरत होता.

फ्रेमसाहेबांना तो मागून स्पष्ट दिसला. उस्तादांनीही मान किंचित वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी मूठ मिटली, हात परत हँडलवर ठेवला आणि ठरल्याप्रमाणे उरलेल्या दोन्ही फेऱ्या पूर्ण वेगात मारल्या.

शेडमध्ये मॅडम पुढे आल्या. "काय उस्ताद?"

"गाडी बरोबर आहे. द्या बाजारात."

त्यांनी कागदावर सही केली. वेळ लावून, एकेक अक्षर जपून.

"उद्यापासून ट्रॅकवर या परत," मॅडम म्हणाल्या. "मी बोलले आहे वर."

उस्तादांनी जॅकेटची चेन उघडली. "स्टोअरला माणूस कमी पडतोय, मॅडम. तिथेच असू द्या मला."

मॅडमनी फ्रेमसाहेबांकडे पाहिलं, त्यांनी समजूत घालावी म्हणून. फ्रेमसाहेब शेडच्या पायरीवर बसले होते. उस्तादांचा थरथरता हात पाहिल्याचं त्यांनी तेव्हा सांगितलं नाही, नंतरही कधी सांगितलं नाही.

उस्तादांनी जॅकेट खुंटीला अडकवलं, बाह्या नीट सरळ केल्या आणि ते स्टोअरकडे निघाले. खिडकीसमोर तिघे जण हातात चिठ्ठ्या घेऊन ताटकळत होते. त्यांना पाहून उस्तादांनी भराभर पावलं उचलली.