चौदा नंबरच्या खांबाखाली

दुबलगुंडीच्या माळावर रेल्वेच्या नव्या पुलाचं काम चाललं होतं. सकाळी नऊला गावातली भागाबाई बांधावरून ओरडली, "थांबवा रे ते मशीन! खाली सुरंग हाय!" आणि चौदा नंबरच्या खांबापाशी चिटपाखरूही उरलं नाही. सुरुंग म्हटल्यावर कोण थांबतंय? ड्रिलवाला नागेश तर हेल्मेट टाकून पळाला.

राहिली एकटी दीपमाला. हुलसूरची पोर, या पुलाची पर्यावरण इंजिनिअर. शौर्यबिर्य काही नाही, पाय उचलेनात म्हणून राहिली. सौर दिवे, पावसाचं पाणी जिरवायचे खड्डे, तोडलेल्या एका झाडामागे दहा रोपं, हे सगळं तिनंच आखलेलं. 'जमिनीखाली जुनं बांधकाम नाही, भूजलाला बाधा नाही' या ओळीखालची सहीही तिचीच. उपग्रहाचे नकाशे पाहून केलेली. गावात विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

"अक्का, कसला सुरुंग? कुणी पुरला?"

भागाबाईनं कपाळावर हात मारला. "पुरलाय कामून म्हणतीस? खणलाय! सुरंग म्हंजी भुयार, पाण्याचं. आमच्या हिरीला तिथूनच पाणी यायलंय, पोरी. तुमचं मशीन त्याच्या डोस्क्यावर उभं हाय."

बाभळीमागच्या ज्या खड्ड्याला दीपमालानं नकाशात 'पडीक विहीर' म्हटलं होतं, त्यात पायऱ्या निघाल्या. गावकरी दरसाल गाळ काढायला तिथूनच उतरत. भागाबाई पुढे, दीपमाला मागे.

खाली पोचल्यावर दीपमालानं मोबाइलचा दिवा लावला. जांभ्या दगडात कोरलेली, माणूस ताठ चालेल एवढी उंच वाट, आणि तिच्यातून घोटाभर पाणी वाहत होतं. भिंतीवर छिन्नीचे घाव, दिव्यांचे कोनाडे, त्यांत अजून काजळी. लांबवर झरोक्यांतून उन्हाचे कवडसे पाण्यावर पडले होते. पंप नाही, वायर नाही. तिनं मोबाइलमधलं लेव्हल लावून पाहिलं. उतार इतका बारीक की आकडा जेमतेम हलला, पण पाणी आपलं गावाकडे चाललंच होतं.

"कुणी केलं हे?"

"कुणाला ठावं? म्हातारी माणसं म्हणायची, बादशाच्या वख्ताला खणलंय."

तेवढ्यात डोक्यावरून मातीचं ढेकूळ पाण्यात पडलं. छताला ताजी चीर होती. ड्रिल आणखी दोन हात उतरलं असतं, तर छत खाली आलं असतं आणि गावाचं पाणी तिथंच तुंबलं असतं.

वर आल्या आल्या साहेबांचा फोन. "सुरुंगाची अफवाच होती ना? मग काम सुरू करा."

अफवा म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"सर, खाली जुना पाण्याचा बोगदा आहे. चौदा नंबरचा खांब आराखड्यातून काढून शेजारच्या दोन खांबांमधला गाळा रुंद करावा लागेल."

"मग सर्वेक्षणात कसा आला नाही?"

"माझी चूक. मी पडीक विहीर लिहिलं. सही माझी आहे." पलीकडून फोन ठेवला गेला.

नागेश बिचकत परतला. "म्याडम, चालू करू का?"

"न्हाई. मागं घे." मशीन घरघरत मागे सरलं. भागाबाई तेवढ्यात गावच्या विहिरीवरून घागर घेऊन आली. पाणी तांबडं गढूळ झालं होतं. दीपमालाला तिच्याकडे मान वर करून बघवेना.

"उद्यापतर निवळंल गं," भागाबाई म्हणाली. "उद्या ये प्यायला."