गळ्यातली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी वीणा आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, एवढं आधी ऐकून घ्या. तंजावरच्या आरुमुगम आसारींनी मला फणसाच्या एकाच खोडातून कोरलं. पोट वेगळं, दांडी वेगळी, असलं जोडकाम माझ्यात नाही. पण आमच्याकडे वीणाही नवरीसारखी नटलेली लागते. म्हणून, एरवी जोड झाकायला ठोकतात ती नक्षीची पट्टी, जोड नसतानाही माझ्या गळ्याशी ठोकली. तीच हौस पुढे नडली.

विशालाक्षीअम्मांच्या मांडीवर मी चाळीस वर्षं गायले. गल्लीतल्या मुलींची बोटं मीच वळणावर आणली. मग घर बदलताना लॉरीवाल्या दुरैकण्णूने माझ्यावर इडलीचं पीठ वाटायचा दगडी रगडा ठेवला आणि पट्टीशेजारीच माझी मान तडकली. भरपाई मिळाली तर दुरुस्ती, नाहीतर माळ्यावर रवानगी. अम्मा कोर्टात गेल्या.

दुरैकण्णूने लाकडाची किंमत ठरवणारा एक जाणकार आणला. त्याने पट्टीवर बोट ठेवलं. "हा बघा जोड. तोच सुटला. हिची किंमत पाटाएवढी." हातात शिक्क्याचा कागद होता.

जज्जबाईंनी विचारलं, "आजवर किती वीणा तपासल्यात?"

"ही पहिलीच. पण पलंग, कपाटं वीस वर्षं..."

"पट्टी उचलून पाहिलीत?"

"नाही."

"मग पलंगाचा खटला आला की बोलावीन. वीणेबद्दलचं तुमचं मत पुरावा म्हणून घेता येणार नाही."

अम्मा पुटपुटल्या, "पाट म्हणे. बसून बघ म्हणावं, तारा टोचतील."

नंतर काठी टेकत आसारी आले. त्यांनाही तोच प्रश्न.

"मोजल्या नाहीत, बाई. मोजत बसलो असतो तर केल्या कधी असत्या?"

"तरी नुसत्या शब्दावर घेणार नाही. दाखवा."

आसारींनी पट्टी अलगद उचकटली. खाली लाकडाच्या रेषा पोटापासून मानेपर्यंत सलग धावत होत्या. जज्जबाई खुर्चीवरून उतरल्या, रेषेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे लिहून घेते."

दुरुस्ती दुरैकण्णूच्या माथी आली. बाहेर तो मान खाली घालून उभा राहिला. अम्मा म्हणाल्या, "इडली खायला ये रे. रगड्याला मात्र हात लावायचा नाही."

मान सांधल्यावर आसारी पट्टी परत ठोकायला बसले. अम्मांनी हात धरला. "राहू द्या. दिसू देत रेषा."

आता मी उघड्या गळ्याने गाते आणि सुखात आहे. मित्रांनो, कुणाचं मोल सांगायचं तर आधी पट्टी उचलून पाहा. कळत नसेल तर कळत नाही म्हणा, त्याने कुणाची मान मोडत नाही. आणि जड वस्तू खाली ठेवा, वीणा वर.