हत्ती विकणे आहे

दुपारी मृण्मयी एकदाची झोपली आणि घरात अशी शांतता पसरली, की पंख्यालाही हळू फिर म्हणावंसं वाटलं. तिच्या मुठीतून माझ्या ओढणीचं टोक मी इंचाइंचानं सोडवत होते. तेवढ्यात 'छुन्' झालं.

फ्रिजशेजारच्या खिळ्यावरून कुणीतरी किल्ली काढली होती. त्या किल्लीला घुंगरू आहे. मृण्मयीच्या पैंजणातून ते सुटलं तेव्हा तिनंच मला ते किल्लीला बांधायला लावलं, कारण किल्ली हत्तीची, आणि हत्तीच्या गळ्यात घंटा हवी.

"देवेश, किल्ली जागेवर ठेव."

"पुसून येतो फक्त."

"सकाळपासून पुसतोच आहेस."

"लोक बघायला येतायत. तिचं तोंड तरी पुसायला नको?" म्हणत माझा नवरा पायऱ्या उतरला, लेकीला सासरी पाठवायला निघाल्यासारखा.

हत्ती म्हणजे त्याची मोटरसायकल. लांबच्या प्रवासाची, पुढं भलीमोठी काच, मागच्या माणसाला पाठ टेकायला गादी आणि दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या. वजन सव्वादोनशे किलो, तेही पेट्या रिकाम्या असताना. त्या रिकाम्या कधीच नसतात, कारण एकीत माझे कांदे असतात. लग्नाआधी देवेशनं ती लडाखला जायचं म्हणून घेतली. आजवर ती दौलताबादला पुष्कळदा आणि अजिंठ्याला, माझ्या माहेरी, एकदा गेली. येताना टेम्पोतून आली.

खोटं कशाला सांगू, मलाही ती आवडायची. गल्लीत ती अगदी अजागळ. चालण्याच्या वेगानं न्यायची म्हणजे हाताखांद्यांचा पिट्टा पडतो. पण दौलताबादच्या रस्त्याला लागून वेग आला, की तोच हत्ती मांजरीसारखा हलका व्हायचा. वळणावर नुसता खांदा कलवला तरी पुरायचं. मागच्या गादीला पाठ टेकून मी डोळे मिटायचे आणि देवेश वाऱ्यात ओरडून मला शिकवायचा, "उजवीकडं जायचं तर उजवा हात पुढं ढकलायचा! आणि सगळ्यात महत्त्वाचं, जिकडं बघशील तिकडं गाडी जाते! खड्ड्याकडं बघितलंस, खड्ड्यात गेलीस!" मला चालवायला मात्र त्यानं कधी दिली नाही. पाठ मात्र सगळं झालं.

मग मृण्मयी आली. तिला टाकीवर बसवू देत नाही मी. मध्ये बसवली तर तिला बाबांच्या जर्किनशिवाय काही दिसत नाही. चार वर्षं झाली, पार्किंगमधली आमची एकुलती एक जागा अडवून हत्ती कापडाखाली झोपलाय आणि आम्ही उन्हात रिक्षाला हात करतोय. देवेशच्या ऑफिसातला अतुल त्याची छोटी चारचाकी गाडी आम्हाला विकायला तयार होता, पण उद्या सकाळपर्यंतच थांबणार होता. म्हणजे हत्ती आज गेला तर गाडी येणार, नाहीतर दुसराच कुणी ती नेणार.

देवेशनं शब्द दिला होता, जाहिरातही टाकली होती. फक्त फोन आला, की तो खरं बोलायचा. "क्लच कडक आहे हं. उन्हाळ्यात मांड्या भाजतात. आणि वळायला क्रांती चौकाएवढी जागा लागते." पुढचा माणूस फोन ठेवायचा आणि हा निःश्वास सोडायचा.

म्हणून आज येणाऱ्यांचा फोन मी घेतला होता.

मी खाली गेले तोच रिक्षातून शेंद्र्याचे आप्पासाहेब उतरले. पांढरा शर्ट, खांद्यावर गमचा, पिळदार मिशा. मागोमाग त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई. इरकली नेसलेल्या, पायात नवेकोरे बूट, चेहरा हिरवट. उतरताच त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"बंद गाडीत लई ढवळतं हिला," आप्पासाहेब म्हणाले. "दारात दोन मोटारी हायत, पण ही बसत नाय. रिक्षातसुदिक तोंड भायेर काढून आली. ट्रॅक्टरवर मातर कायबी होत नाय. म्हणून म्हणलं, उघडीच घ्यावी."

"कुठं जायचंय?" मी विचारलं.

"समुद्र बघायचाय," मनकर्णाबाई भिंतीला धरूनच म्हणाल्या. "ट्रॅक्टरवर लई दिस लागत्याल."

मृण्मयी डोळे चोळत खाली आली आणि मला चिकटली. मनकर्णाबाईंनी पदर खोचला आणि बैल बघावा तशी गाडी बघायला लागल्या. भोवती फिरल्या, सीटवर थाप मारली, पेटी उघडली.

"अगं बया, ह्यात कांदं!"

"ते काढते मी," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या. चांगलं वाळलेलं हायत."

देवेशनं घसा खाकरला. मला तो घसा माहीत होता. "काका, आधीच सांगतो. हळू असताना ही फार जड जाते. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला, की सरळ आडवी होते."

"आमची ही बी तशीच," आप्पासाहेब म्हणाले. "वळताना आडवं बोललं, की आडवी."

"अवो!" मनकर्णाबाई म्हणाल्या.

"पडली तर उचलायला तीन माणसं लागतात."

"भावकीत माणसांना तोटा नाय, साहेब. कामाला कुणी येत नाय, पण पडल्यालं बघायला समदे येत्यात. चाल दावा."

आप्पासाहेबांनी चाल स्वतःच बघायची ठरवली. हत्ती घुरघुरला. आमच्या सोसायटीच्या आवारात मधोमध भानुमतीकाकूंची तुळस आहे. काकू सोसायटीच्या सेक्रेटरी, आणि त्या तुळशीवरून दोन बिऱ्हाडं सोडून गेलीत. आप्पासाहेब निघाले, त्यांना तुळस दिसली, ते घाबरून तुळशीकडं बघत राहिले आणि हत्ती अर्थातच तुळशीकडं चालला. वर गॅलरीत काकूंनी तोंडावर हात ठेवला. देवेश गप्प. मी शपथेवर सांगते, तो मुद्दाम गप्प होता.

"आप्पासाहेब!" मी ओरडले. "तुळशीकडं बघू नका! फाटकाकडं बघा! जिकडं बघाल तिकडं जाते!"

त्यांनी मान वळवली. सव्वादोनशे किलो आणि कांदे, सगळं अलगद वळलं आणि फाटकापाशी जाऊन थांबलं.

"तू त्यांना शिकवलंस?" देवेश हळू आवाजात म्हणाला. इतका दुखावलेला तो मी रुसून माहेरी राहिले तेव्हाही नव्हता.

मग मनकर्णाबाई मागं बसल्या आणि दोघं रस्त्यावर गेले. देवेश फाटकाशी येरझाऱ्या घालत राहिला. "पडले नसतील ना?" त्याला ते पडायला नको होते आणि आवडायलाही नको होतं. ते परत आले तेव्हा मनकर्णाबाईंचा अंबाडा सुटला होता आणि गालांवर रंग होता.

"कायबी ढवळलं नाय!" त्यांनी जाहीर केलं आणि उतरायला साफ नकार दिला.

आप्पासाहेब उतरले. देवेशसमोर उभे राहिले, खांद्यावरचा गमचा काढून स्वतःच्या उजव्या हातावर पसरला आणि तो हात पुढं केला.

माझे मामा बैल घ्यायला जायचे तेव्हा त्यांच्या खांद्यावर बसून मी हे बघितलंय. सौदा कापडाखाली होतो. भाव तोंडानं बोलत नाहीत, बोटं दाबून सांगतात. नको असेल तर हात काढून घ्यायचा. आणि समोरच्याचा अख्खा पंजा धरला, की सौदा पटला.

देवेशच्या घराण्यात बैल कुणी बघितलेला नाही. आप्पासाहेबांनी त्याची बोटं दाबली. देवेश कावराबावरा झाला. मग त्याचा चेहरा एकदम मऊ झाला आणि त्यानं आप्पासाहेबांचा पंजा छान घट्ट धरला. वर डावा हातही ठेवला.

"पटलं!" आप्पासाहेब गरजले. मनकर्णाबाईंनी कमरेच्या चंचीतून गुळाचा खडा काढून सीटवरूनच त्याच्या तोंडात घातला.

"काय पटलं?" देवेशनं गूळ चघळत माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं.

"अगं, मला वाटलं त्यांचा हात थरथरतोय! मी धीर देत होतो!"

भाव काय ठरला ते आप्पासाहेबांनी माझ्या कानात सांगितलं. जाहिरातीपेक्षा जरा कमी, माझ्या मनातल्यापेक्षा जरा जास्त. पण देवेशचा पडलेला चेहरा त्यांनी बघितला आणि गमचा परत खांद्यावर टाकला.

"साहेब, मनात नसंल तर सांगा. तुमाला ठावं नव्हतं. जबरी नाय."

बोलता आलं असतं. अतुलची गाडी, उद्याची सकाळ, सगळं जिभेवर होतं. पण देवेश हत्तीकडं बघत होता आणि त्या नजरेच्या आड यायला मन होईना.

"साहेब," वरून मनकर्णाबाईंनी विचारलं, "समुद्राचं पानी खरंच खारट असतं का वो? का नुसतं म्हणत्यात?"

देवेशनं गूळ गिळला.

"खारट असतं, काकू. तोंड धुतलंत तरी ओठांवर राहतं." मग त्याला राहवेना. "माळशेज घाटानं जा. उतरताना नुसत्या पुढच्या ब्रेकवर राहू नका काका, गिअरनं आवरा. आणि दरीकडं बघायचं नाही. दरी काकू बघतील. तुम्ही रस्ता बघायचा."

"व्हय, व्हय. जिकडं बघाल तिकडं जाती."

चहा झाला, पैसे आणि कागद झाले. देवेशनं त्याचं हेल्मेट आप्पासाहेबांना घातलं, माझं मनकर्णाबाईंना, आणि लडाखसाठी घेतलेलं जर्किनही देऊन टाकलं. किल्ली देताना घुंगरू वाजलं. ते काढावं का म्हणून त्यानं मृण्मयीकडं बघितलं. तिनं मान हलवली. घंटेशिवाय हत्ती कसा जाणार?

तुळशीला लांबूनच वळसा घालून ते गेले. कांदेही गेले. आवाज आधी मोठा, मग बारीक, मग नाहीच. पार्किंगमध्ये तेलाचा एक डाग राहिला. देवेश फाटकात उभा राहून रिकाम्या रस्त्याकडं बघत होता.

मृण्मयीनं माझी ओढणी ओढली.

"आई, जिकडं बघतो तिकडं जातो ना आपण?"

"हो गं."

"मग बाबा चालले?"

"नाही, राणी. बाबा आता अतुलकाकांना फोन करणारेत. आपली नवी गाडी येणारे."

तिनं बाबांकडं नीट बघितलं. मग मान वर करून बराच वेळ माझ्या डोळ्यांत बघत राहिली.

"आई, मग तू पण तिकडंच का बघतेस?"