घड्याळजीच्या बायकोची माघार

"ती घड्याळजीची बायकोसुद्धा शेवटी नवऱ्याच्या दारात परत गेली," आई म्हणाली, "मग तू कोण लागून गेलीस?"

नवऱ्यानं माझं शिवणयंत्र जिन्यावरून खाली फेकलं, त्याच दिवशी मी माहेरी निघून आले होते. घर आईच्या नावावर, म्हणजे मी इथं राहायचं की नाही हे तीच ठरवणार. आणि ती ठरवत होती एका कादंबरीवरून! मी कपाळाला हात लावला.

सहा भागांची ती जाडजूड मालिका. मारकुट्या घड्याळजीला सोडून त्याची बायको बाहेर पडते, तिथून पुढची कथा. आईची नजर अधू झाल्यापासून दादा तिला रोज वाचून दाखवतो. काय तो श्रावणबाळ, असं सगळे नातेवाईक म्हणतात. मीही म्हणायचे. आई तर त्या बाईबद्दल शेजारणीसारखं बोलते, "आज बिचारीला ताप आहे गं."

मी ती पुस्तकं कधी हातात धरली नव्हती. पण त्या दिवशी मला त्या बाईचाच संताप आला. एवढं सोसून बाहेर पडलीस, आणि माघारी जातेस? दादा बाहेर गेलेला बघून मी सहावा भाग उघडला.

कुठली माघार! ती नवऱ्याच्या दुकानासमोरच टेबल मांडून घड्याळं दुरुस्त करायला बसते. एकेक गिऱ्हाईक रस्ता ओलांडून तिच्याकडे येतं. शेवटी नवराच बंद पडलेलं घड्याळ घेऊन येतो. ती मान वर न करता म्हणते, "रांगेत उभे राहा."

मी खो खो हसले. मग माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दादा दारातून आत येतोय तोच मी पुस्तक त्याच्यापुढे आपटलं. "हे वाचून दाखवलंस तू आईला?"

"हळू बोल. थोडंसं बदललं, एवढंच."

"थोडंसं? त्या बाईला नवऱ्याच्या पाया पडायला लावलंस!"

"मग काय करू? तू फोनवर रडायला लागलीस तेव्हाच ओळखलं, एक दिवस बाडबिस्तरा घेऊन येणार. माझ्या मुलीचं लग्न ठरायचंय. लोक काय म्हणतील?"

सख्खा भाऊ! समोर सांगायची हिंमत नाही, म्हणून माझ्या आईच्या कानात रोज विष ओतत होता, तेही गोष्ट म्हणून.

"काय बदललंस रे?" आतून आईचा आवाज आला.

दादा पुस्तक उचलायला वाकला, पण ते मी आधी उचललं. मी आत गेले, पलंगावर बसले आणि शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचलं. एक शब्द गाळला नाही.

"मी तिला किती बोल लावले," आई म्हणाली. "कणाच नाही म्हटलं. आणि तुला तिचाच दाखला देत राहिले." तिनं चाचपडत माझा हात धरला.

मग ती दादाकडे वळली. "बाकीचे पाचही भाग खाली काढ."

"आई, आता कशाला उगाच..."

"काढ म्हणते ना! पहिल्यापासून ही वाचेल. तू आणखी कोणाकोणाला परत पाठवलंयस, ते कळू दे मला."